कापूस घातलेली माती

मोर्णेच्या पुलावरून ऑटो गेला तेव्हा मी नाकाला पदर लावला नाही. अकोल्यावरचं माझं प्रेम आता तेवढंच उरलं आहे. नदी कसली, सगळीकडे जलकुंभी माजलेली. ऑटोवाला आरशातून बघत म्हणाला, "मॅडम बाहेरगावच्या दिसता." मी म्हटलं, "हौ, बाहेरचीच." याच काठची माती उकरून माझी नखं सगळा आश्विन काळी असायची, हे त्याला सांगून काय उपयोग होता?

इथल्या एका महिला मंडळानं मला बोलावलं होतं. भुलाबाईचा महिना, म्हणून मातीच्या भुलाबाया करणारी बाई पाहिजे होती. विषय त्यांनीच ठरवला आणि फलकावर छापूनही टाकला, 'मातीने दिले नवे जीवन'. मला विचारायची गरज कोणाला वाटली नाही. मला झालेला कॅन्सर, माझ्या हातच्या भुलाबाया आणि मी अजून चालते-बोलते आहे ही गोष्ट, हे सगळं त्यांनी परस्पर एका दोऱ्यात ओवलं आणि गाठ मारून टाकली. अध्यक्षबाई फोनवर म्हणाल्या, "ताई, तुम्ही फक्त एवढंच सांगा, की छंद जोपासला आणि आजाराला हरवलं. आमच्या बायकांना प्रेरणा हवी." मी नाहीच म्हणणार होते. मग त्या म्हणाल्या, "आमच्या एक सभासद आहेत, त्यांची सून तुमच्या मैत्रिणीची मुलगी आहे म्हणे. पल्लवी. तीही येणार आहे." तेव्हा मी हो म्हटलं.

पल्लवी ही माझ्या प्रभाची मुलगी. प्रभालाही हाच आजार होता, तीही माझ्या शेजारी बसून माती मळायची. मी राहिले, ती गेली. आणि पल्लवीची पक्की समजूत आहे, की आईनं हिंमत सोडली, आपल्या मनानं औषध बंद केलं आणि म्हणून गेली. ते तसं नव्हतं. खरं काय ते प्रभा गेल्यावर एकट्या मला माहीत होतं, आणि पल्लवी माझा फोन उचलत नव्हती. आता मी मंचावर उभी राहून 'मी लढले म्हणून वाचले' असं म्हणायचं, आणि त्या पोरीनं समोर बसून ते ऐकायचं. मी लढले म्हणून वाचले, तर जी गेली ती काय झोपा काढत होती? बडनेऱ्याला गाडीत बसले तेव्हापासून हेच डोक्यात चाललं होतं. खिडकीतून बोंडं फुटलेली पऱ्हाटी मागं जात होती आणि माझं तिकडं लक्षच नव्हतं.

कार्यक्रमाला वेळ होता, म्हणून ऑटो आधीच सोडला आणि जुन्या गल्लीतून पायी गेले. चूकच केली. पिठाची गिरणी होती तिथं मोबाईलचं दुकान. ज्या ओट्यावर बसून आम्ही टिपऱ्या वाजवायचो तो ओटा फोडून कोणीतरी गाडी लावायला उतार केलेला. आणि गल्लीच्या टोकाला, जिथं कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं, तिथं मंगल कार्यालय. माझा सत्कार त्याच्यातच व्हायचा होता. बाहेर उभी राहून मी श्वास घेतला. फिनेल आणि जिलेबीच्या पाकाचा वास आला. सरकीचा वास कसा येईल, बाप्पा? वेडी झाली होती का मी?

पण माझ्यासाठी आश्विन म्हणजे सरकीचा वास. तेलकट, उबदार, जरासा आंबूस. जिनिंग सुरू झालं की तो वास गल्लीभर भरायचा, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरायचा, आईनं थापलेल्या भाकरीला लागायचा. कापसाचा भुरा उडत असायचा. तुळशीवर, सायकलींच्या सीटवर, झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर पांढरी लव. प्रभाचा बाप जिनिंगवर कामाला होता. त्याला डबा देऊन ती परत यायची तेव्हा तिच्या दोन्ही वेण्या पांढऱ्या असायच्या. आम्ही ओरडायचो, "म्हातारी आली व, म्हातारी आली!" ती खाली वाकून डोकं आमच्याच अंगावर झटकायची.

भादव्याची पुनव आली की ज्वारीच्या धांड्यांचं मखर उभं राहायचं आणि त्यात भुलाबाई बसायची. शेजारी भुलोजी, मांडीवर बाळ गणपती. माहेराला आलेली लेकच ती, महिनाभराची पाहुणी. संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही पोट्ट्या घरोघरी फिरून गाणी म्हणायचो. सासूच्या चुगल्या, नणंदेचे टोमणे, माहेरचा रस्ता. दहा-बारा वर्षांच्या आम्ही, सासर कशाशी खातात ठाऊक नाही, पण गळा काढून म्हणायचो. गाणी संपली की घरची बाई झाकणाचा डबा घेऊन यायची आणि कानाशी हलवून विचारायची, "ओळखा व, खिरापत काय?" खुळखुळ वाजलं तर फुटाणे, दबकं वाजलं तर सांजोरी, काहीच वाजलं नाही तर काकडी. ओळखलं नाही तर मिळायचं नाही. प्रभा डोळे मिटून ऐकायची आणि कधी चुकायची नाही.

प्रभाच्या घरी देव्हारा नव्हता, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ते भुलाबाई मांडत नसत. पण तिची आई म्हणायची, "जाय, म्हण गाणं. गाण्याले कोन्ती जात असते?" गाण्याला नसेल. डब्याला होती. गल्लीतल्या दोन घरी आमच्या हातावर खिरापत ठेवायचे आणि तिच्या ओंजळीत वरून टाकायचे. प्रभा काय करायची, ओंजळ आणखी खाली धरायची. अगदी गुडघ्यापाशी. मग टाकणाऱ्या बाईला कमरेत वाकावं लागायचं. आम्हाला तेव्हा ते कळलं नाही, आम्ही आपल्या फुटाणे मोजत बसलेल्या. आणि गंमत बघा, त्याच दोन घरांच्या मखरात पुढं प्रभाच्या हातची भुलाबाई बसायची, कारण तेवढी देखणी दुसरी कोणाला जमायची नाही.

ती कशी जमली तेही सांगते. एका वर्षी मी हट्टानं म्हटलं, बाजारातली नको, मी करणार. मोर्णेच्या काठची काळी माती आणली, भिजवली, भुलाबाई केली. नाक बसकं होतं, पण माझी होती. गच्चीवर उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर मांडीपासून उभी चीर गेलेली, गणपती वेगळा, आई वेगळी. पोट्ट्या हसून हसून लोळल्या. "हिची भुलाबाई फाटली व!" मी रडायला लागले. प्रभा तेवढी हसली नाही. तुकडा हातात घेऊन म्हणाली, "रडतं कायले? कायी माती हाये थे. वाळली की फाटनच. उन्हाळ्यात वावर नाई पाह्यलं काय?" मग तिनं वेणीतला, फ्रॉकवरचा भुरा गोळा केला, जिनिंगच्या भिंतीशी साचलेला आणखी ओंजळभर आणला आणि मातीत घालून दगडानं कुटायला बसली. कुटायचं, मळायचं, परत कुटायचं. मी म्हटलं झालं असेल आता, तर मातीचा गोळा मोडून दाखवायची. आत पांढरा धागा दिसला की म्हणायची, "दिसून राहिला न? अजून बाकी हाये." तो दिसेनासा झाला की माती तयार. ती भुलाबाई कोजागिरीपर्यंत टिकली, कुठं केसाएवढीही चीर नाही.

मग लग्नं झाली. तिचं अंजनगाव सुर्जीला, माझं अमरावतीला. मध्ये दीड-दोन तासांचा रस्ता. आम्ही एकमेकींना भेटलो नाही. भांडण नाही, काही नाही. संसार म्हणतात त्याला.

आजाराची कथा मी सांगत नाही. ती सगळ्यांची सारखीच असते आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्याची ऐकताना आपलं मोजायचं असतं. वासांचं तेवढं सांगते. सलाईनमधून औषध जायला लागलं आणि सगळे वास माझ्यावर उलटले. फोडणीनं पोट ढवळायचं. उदबत्ती नको, ह्यांच्या अंगाचा साबण नको. ज्या अंबाडीच्या भाजीसाठी मी जीव टाकायची तिचं पातेलं शेजारणीनं आणलं तर मी तोंड फिरवून भिंतीकडं वळले. तोंडाला चोवीस तास लोखंडाची चव. उजवा हात ऑपरेशननंतर खांद्यापासून आखडलेला, कंगवा धरता येईना. अर्थात केसच नव्हते, मग कंगवा कशाला? अशा एका दुपारी ह्यांनी खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं. आणि तो वास आला. ओल्या मातीचा. पोटात काही हललं नाही. मी तसाच दीर्घ श्वास घेतला, परत घेतला. मग म्हटलं, "मला मूठभर माती आणून द्या." ह्यांना वाटलं औषध डोक्यात गेलं. पण बिचाऱ्यांनी एका मित्राच्या वावरातून पिशवीभर काळी माती आणली, काही विचारलं नाही.

आखडलेल्या हातानं मी भुलाबाई केली. वीतभर. खिडकीत ठेवली. चार दिवसांत मांडीतून फाटली. ऑपरेशनला मी रडले नव्हते, केस गेले तेव्हा रडले नव्हते. त्या दिवशी मात्र हुंदके देऊन रडले. हे बाहेरून दार वाजवत राहिले.

पुढच्या खेपेला दवाखान्यात सलाईन लावून बसले होते आणि आखडलेल्या हातात रुमालात गुंडाळलेला मातीचा गोळा होता. नुसता दाबत होते. शेजारच्या खुर्चीवर डोक्याला फडकं बांधलेली एक बाई. बराच वेळ ती माझ्या हाताकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "कापूस टाकला नाई काय व त्याच्यात? मंग फाटनच न थे." चेहरा मी ओळखला नसता. भुवयाही नव्हत्या बाईला. पण तो आवाज! मी म्हटलं, "प्रभे?" ती म्हणाली, "मले वाटलंच. तूच असशीन. येवढ्या वर्षांत अक्कल नाई आली तुले." नर्स धावत आली, दोघींना काय झालं म्हणून. हसून हसून माझी सुई सरकली होती. आयुष्यभर इतक्या जवळ राहून भेटलो नाही, आणि भेटलो तर कुठं!

तिचा नवरा आधीच गेलेला. ती अंजनगावहून एकटीच एसटीनं यायची. मग सलाईन झालं की ती राजापेठेतल्या माझ्या घरी यायची आणि संध्याकाळची गाडी पकडेपर्यंत थांबायची. खाली गाड्यांचे हॉर्न, समोरच्या बिल्डिंगमधल्या ट्यूशन क्लासमधून पोरांचा गलका, आणि वर आम्ही दोघी टकल्या, मध्ये परातीत माती. कापूस ती पिशवीतून आणायची. कुटायची ताकद दोघींनाही नव्हती, म्हणून एकीनं दहा घाव घालायचे, मग दुसरीनं. तिच्या हातात अजून तेच होतं. माचिसच्या काडीनं दोन रेघा ओढायची आणि भुलाबाई बघायला लागायची. मी चिडवायचे, "तुमच्यात चालते काय गं भुलाबाई?" ती म्हणायची, "पूजा तुमची, हात माह्ये. मी बनवतो. नमस्कार तू कर."

आणि लोक? लोक फोन करायचे. माझा मुलगा पुण्याहून रोज म्हणायचा, आई, पॉझिटिव्ह राहा. जाऊ म्हणायची, पॉझिटिव्ह राहा. ज्यांनी आयुष्यात कधी हाल विचारले नाहीत तेही हेच. प्रभाला सांगितलं तर म्हणाली, "रिपोर्ट पॉझिटिव आला म्हणून तं येवढं भोगून राहिलो व. आता अजून कितीक पॉझिटिव राहू?" पण खोटं बोलणार नाही, त्या दुपारी आम्हाला बरं वाटायचं. आजार तिथंच असायचा, परातीच्या पलीकडं बसलेला, पण त्याच्याकडं बघायला वेळ नसायचा. ओठ नीट झाला का, मांडी जाड झाली का, यावरून आमची भांडणं व्हायची. दवाखान्यात ओळख झालेल्या आणखी दोघीतिघी यायला लागल्या. मळायला माणसं लागतातच.

मग एक दिवस डॉक्टरांनी प्रभाला आत बोलावलं. सोबत कोणी नव्हतं म्हणून मी गेले. डॉक्टर भला माणूस. त्यानं कागद बाजूला ठेवले आणि म्हणाला, आता औषधाचा फायदा नाही, नुसता त्रास होईल, घरी आरामात राहा. प्रभानं विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, सांगता येत नाही. ती म्हणाली, "पोरीचं बाळंतपण होईन का माझ्या हातून?" त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

पल्लवीला तेव्हा सातवा सरत आलेला. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली, अंजनगावात. एसटी स्टँडवर बाकड्यावर बसून प्रभानं मला शपथ घातली. "तिले सांगशीन तं माह्यं तोंड पाहू नको. पोटात लेकरू हाये तिच्या. मीच नको म्हटलं औषधाले, असं सांगतो तिले. सव्वा महिना झाला की मंग खरं सांगीन, माझ्या तोंडानं." मी म्हटलं, बाई, असं नको करूस. ती म्हणाली, "तुले काय कळते? तुले पोरगी नाई."

मी अंजनगावला जायचे, ती येऊ शकेना तेव्हा. एकदा मी बसलेली असतानाच पल्लवीचा भडका उडाला. पोटावर हात धरून दारात उभी, चेहरा लालबुंद. "मावशी, तुम्हीच सांगा हिले! लोकं जगासाठी धडपडतात आन् ही औषध सोडून माती खेळून राहिली! नातवाचं तोंड पाहायची इच्छा नाई काय हिले? मी कोनीच नाई काय हिची?" प्रभा भुलाबाईच्या कपाळावरून ओला अंगठा फिरवत राहिली. वर पाहिलं नाही. म्हणाली, "कंटाळा आला व मले त्या सुयांचा." पल्लवी धाडकन दार लावून आत गेली. मग प्रभानं माझ्याकडं बघितलं. "रागावली हाये माह्यावर. बोलत नाई चार-चार दिवस. रागावू दे. रडण्यापरीस राग बरा, पोटातल्या लेकराले." आणि थोड्या वेळानं, मातीकडं बघूनच, "पन लय लागते व."

पल्लवीला मुलगी झाली. प्रभानं तिला मांडीवर घेतली, तेल लावलं, एकदा न्हाऊही घातलं. सव्वा महिना काही झाला नाही. त्याच्या आधीच ती गेली.

प्रभा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते. बायका कुजबुजत होत्या, "मनानंच खचली न. अमरावतीची ती पाहा, तिलेही हेच होतं, कशी ठणठणीत हाये." ती मी. मी पल्लवीजवळ गेले. तिच्या कुशीत तेवढंसं बाळ, छातीतून दूध गळत होतं, डोळे कोरडे. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मावशी, त्या मातीचं नाव नका काढू माझ्यासमोर." मग सासरचे तिला अकोल्याला घेऊन गेले. मी एकदा तिच्या दारापर्यंत गेले तर सासू म्हणाली, झोपली आहे. सकाळी अकराला. मी समजले आणि परत फिरले.

त्यानंतर मी माती जास्तच मळायला लागले. आवडीनं नाही, रागानं. घरची पुढची खोली मोकळी केली. दवाखान्यातून बायका येतात. कोणी परतवाड्याहून, कोणी वलगावहून, डोक्याला स्कार्फ, हाताला पट्टी. येतात, परातीभोवती बसतात, कापूस कुटतात. मी त्यांना धीर देत नाही, मला तो देता येत नाही. म्हणते, "धागा दिसून राहिला, मळा अजून." त्यांतल्या काही बऱ्या झाल्या. काही यायच्या बंद झाल्या आणि मग कोणीतरी सांगितलं. जी मळायची नाही ती गेली आणि जी मळायची ती राहिली, असं काही मला दिसलं नाही. पण सकाळी उठल्यावर, आज त्या येणार आहेत, परात धुवून ठेवायची आहे, हे मला पुरतं. एक पेपरवाला आला, फोटो काढून गेला. बातमी आली आणि मी प्रेरणा झाले.

मंगल कार्यालयात खुर्च्यांना पांढरी कव्हरं, त्यांना मागून गुलाबी बो. पल्लवी तिसऱ्या ओळीत, सासूच्या शेजारी. जाड झालेली, चेहऱ्यावर काही नाही. मी नमस्कार केला, तिनं मान हलवली. अध्यक्षबाईंनी माझी ओळख करून दिली, 'मृत्यूशी झुंज', 'जिद्द', 'इच्छाशक्ती' वगैरे. म्हणाल्या, "ज्या हिंमत सोडतात त्या हरतात, आणि ज्या धरतात त्या आपल्या ताईंसारख्या उभ्या राहतात!" टाळ्या पडल्या. मी पल्लवीकडं बघितलं. ती आपल्या नखांकडं बघत होती.

माईक हातात आला आणि पाठ केलेली भाषा पार गेली, घरचीच आली. "मातीनं मले बरं केलं नाई," मी म्हटलं. "मातीनं कोणीच बरं होत नाई. माह्यी गाठ लहान होती, लवकर सापडली, औषध लागू पडलं. बस, येवढंच. माह्यासोबत एक होती, प्रभा नाव तिचं. याच गल्लीतली, इथंच जिनिंग होतं तिच्या बापाचं, म्हणजे कामाचं. माह्यापेक्षा तिचे हात चांगले, हिंमत तं विचारूच नका. थे गेली. तिनं औषध सोडलं नव्हतं. डॉक्टरनंच सांगितलं होतं, की आता औषध चालत नाई, घरी जा. मी होती तिथं. पोरीले दिवस होते म्हणून तिनं पोरीले खोटं सांगितलं, की मलेच नको. मराले टेकलेली बाई पोरीच्या शिव्या खात बसली, पन बोलली नाई. हिंमत कशाले म्हणतात मले माहीत नाई. तुम्हाले माहीत असन तं सांगा." आणखी काही बोलायचं होतं. माईक टेबलावर ठेवला आणि खाली बसले.

मग अध्यक्षबाईंनी माईक घेतला. डोळ्याला रुमाल लावून म्हणाल्या, "पाहिलंत? स्वतःचं श्रेयसुद्धा घेत नाहीत. किती हा विनम्रपणा! जोरदार टाळ्या!" आणि टाळ्या पडल्या, बाप्पा, काय टाळ्या पडल्या! शाल आली, नारळ आला. फलकाखाली उभं करून फोटो काढले. दोघी बायकांनी विचारलं, क्लासची फी किती. मला त्या नारळानं कोणाचं तरी डोकं फोडावंसं वाटलं.

हात धुवायच्या नळापाशी पल्लवी उभी होती. नळ चालू, हात खाली धरलेले, धूत नव्हती. मी शेजारी गेले तरी वळली नाही. तिनं नळ बंद केला.

"खरं हाये थे?" तिनं विचारलं.

"हौ."

"मले काहून नाई सांगितलं तिनं?"

"सव्वा महिना झाल्यावर सांगणार होती."

तिनं ओठ दातात धरला. सासू दुरून हाक मारत होती, जेवायला चला म्हणून. पल्लवीनं तिकडं बघितलं नाही. "मी बोलली नाई तिच्याशी," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तं खोलीतही नव्हती जात. लेकरू द्यायले जायची आन् परत यायची." मग एकदम माझा हात धरला, तोच उजवा, आखडलेला. दुखला, पण मी काढून घेतला नाही. "मावशी, तिले कळत होतं काय? मी रागावली हाये थे?"

आत्ताच मी त्या माईकवर खरं बोलून आले होते. माझ्या तोंडाला अजून त्याची चव होती.

"नाई व," मी म्हटलं. "तिले वाटे, बाळंतपणानं थकली हायेस. म्हणून बोलत नाईस."

पल्लवी माझ्याकडं बघत राहिली. डोळे आईचेच. तिला दिसलं असणार.

"हौ," ती म्हणाली. "तसंच वाटलं असन तिले."